टोंगळ्याच्या (गुडघ्याच्या) दुखण्यावर जेल: कच्च्या मालापासून ट्यूबपर्यंत

यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडची बी.फार्म. झालेली मुलं गावात परत येतात, बचत गटातल्या बाया काहीतरी उद्योग शोधत असतात, आणि दोघांचा प्रश्न एकच असतो: सांधेदुखीवर जेल काढायचं आहे, त्यात काय काय टाकायचं? बाजारातल्या ट्यूबवर सहा-सात नावं असतात, म्हणून आपण आठ टाकली की आपलं जेल सरस, असा समज पक्का झालेला आहे. प्रत्यक्षात जेल फसतं ते वेगळ्याच ठिकाणी. पाण्यात फसतं, घटक टाकायच्या क्रमात फसतं, मे महिन्याच्या उन्हात फसतं, आणि एका वेळी किती लावायचं हे वापरणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं तिथं फसतं. म्हणून या लेखात घटकांच्या यादीपेक्षा या बाकीच्या गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

आधी दुखणं ओळखा

कापूस वेचणारी बाई कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकलेली असते. निंदणाला ती उकिडवी बसते, घरी चूल खाली, जेवण खाली, भांडी घासणं खाली. चाळिशी-पन्नाशीत ती म्हणायला लागते, "टोंगये धरले वो माय." बसून उठताना कळ, जिना चढताना कळ, सकाळी थोडा वेळ आखडलेपण आणि चार पावलं चालल्यावर मोकळं वाटणं, ही गुडघ्याच्या झिजेची लक्षणं. जेलचा खरा उपयोग इथं आणि हाताच्या बोटांच्या झिजेत आहे, कारण हे सांधे कातडीच्या जवळ असतात. खुब्याचा सांधा इतका खोल असतो की वरून लावलेलं औषध तिथं पोचेल अशी आशा धरू नये.

पण सांधे दुखतात म्हणजे झीजच, असं आपल्या भागात तर मुळीच धरून चालत नाही. दोन्ही हातांची लहान बोटं सुजली आणि सकाळचं आखडलेपण तासाभराहून जास्त टिकलं, तर तो आमवात असू शकतो. त्याला डॉक्टरांकडून आजार आवरणारी औषधं लागतात. नुसतं जेल चोळत महिने घालवले तर सांधे कायमचे वाकडे होतात. चिकुनगुन्या होऊन गेलेल्यांचे सांधे महिनोन्‌महिने धरलेले राहतात, २००६ च्या साथीनंतर गावोगावी हे पाहिलं आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, गोंदिया भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांना हाडात-सांध्यात अचानक असह्य कळ आली तर ती जेलची वेळ नव्हे, दवाखान्यात पोचण्याची वेळ असते. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथं पाठ आणि सांधे ताठ होण्यामागं पाणीच असतं. तुमचं जेल यांतल्या कुणासाठी आहे आणि कुणासाठी नाही हे पहिल्याच दिवशी कागदावर उतरवा. पुढं लेबलवर आणि आतल्या पत्रकावर हाच मजकूर जातो.

जेल करायचंच कशाला, असंही कुणी विचारेल. उत्तर सरळ आहे. वेदनाशामक गोळ्या पानटपरीवर मिळाव्यात तशा मिळतात आणि लोक त्या वर्षानुवर्षं खातात. पोटात अल्सर, मूत्रपिंडावर ताण, रक्तदाब वाढणं, ही त्याची किंमत. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक कातडीवर लावलं तर गोळीच्या मानानं जेमतेम ६ टक्के औषध रक्तात पोचतं. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीनं २०१९ च्या मार्गदर्शनात गुडघ्याच्या झिजेसाठी वरून लावायच्या वेदनाशामकांची ठाम शिफारस केली आहे. म्हातारं माणूस, बीपीची गोळी चालू, पोट नाजूक, अशांसाठी जेल हा खरोखर चांगला पर्याय आहे.

कातडी सहज आत घेत नाही

कातडीचा सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर साधारण १० ते २० मायक्रॉन जाडीचा असतो, पण शरीराचा खरा पहारा तोच करतो. ठोकताळा असा की रेणूभार ५०० च्या खाली असेल आणि रेणू तेलात व पाण्यात दोन्हीकडे थोडाफार विरघळत असेल तरच तो पलीकडे जातो. आयबुप्रोफेन २०६, किटोप्रोफेन २५४, डायक्लोफेनॅक २९६, मिरचीतलं कॅप्सेसिन ३०५, ही मंडळी या हिशेबात बसतात. हळदीतलं करक्युमिन ३६८ चं आहे, पण ते पाण्यात विरघळतच नाही आणि प्रकाशात व अल्कलीत विटतं. मेळघाटात सालईच्या झाडापासून मिळणाऱ्या डिंकातलं सर्वांत गाजलेलं बॉस्वेलिक आम्ल ५१२ च्या आसपास, म्हणजे उंबरठ्यावर अडकलेलं.

म्हणून कातडीची वाट थोडी मोकळी करणारे घटक जेलमध्ये घालतात: प्रोपिलीन ग्लायकॉल, अल्कोहोल, मेन्थॉल, ओलेइक आम्ल. आपल्या भागात इथं एक सावधगिरी घ्यायलाच हवी. हे घटक वाट मोकळी करतात ती फक्त आपल्या औषधासाठी नसते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजुरांचे जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही. फवारणीला जायच्या आधी आणि फवारणीच्या दिवशी जेल लावू नका, ही ओळ पत्रकात ठळक छापा. पुण्या-मुंबईच्या कंपनीला ती सुचणार नाही, आपल्याला सुचली पाहिजे.

वाट कोणती: आधुनिक की आयुर्वेदिक

हा निर्णय चवीचा नाही, परवान्याचा आहे, म्हणून पैसे गुंतवायच्या आधी घ्यायचा. डायक्लोफेनॅकसारखं औषध घातलं की तुमचं जेल ॲलोपॅथिक ठरतं. त्याला अन्न व औषध प्रशासनाचा फॉर्म २५ चा उत्पादन परवाना लागतो आणि शेड्यूल एमप्रमाणे (औषध कारखान्यासाठीच्या नियमांप्रमाणे) कारखाना लागतो. डिसेंबर २०२३ मध्ये हे शेड्यूल सुधारून बरंच कडक केलं आहे. निर्गुडी, सालई, जवस अशा घटकांचं जेल आयुर्वेदिक प्रोप्रायटरी औषधात बसू शकतं. त्याला फॉर्म २५-डी, शेड्यूल टीप्रमाणे जागा, आणि सुरक्षितता-परिणामकारकतेसाठी नियम १५८-बी. घटक औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या ग्रंथांत असले पाहिजेत.

दोन्हींची सरमिसळ करता येत नाही. "जडीबुटीचं" म्हणून विकलेल्या मलमात गुपचूप डायक्लोफेनॅक किंवा स्टेरॉइड घालणं हा गुन्हा आहे आणि माणसाच्या अंगाशी केलेला दगा आहे. कुणी असा सल्ला दिला तर त्याच्याशी धंदा करू नका. बचत गटानं स्वतः कारखाना उभारण्याऐवजी परवानाधारक युनिटकडून बनवून घेणं आणि आपण कच्चा माल, प्रतवारी व विक्री सांभाळणं, ही वाट मला जास्त शहाणपणाची वाटते. वर्ध्याच्या महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेकडं ग्रामोद्योगांसाठी तांत्रिक मार्गदर्शन मिळतं, तिथं आधी जाऊन या.

विदर्भातला कच्चा माल, एकेक करून

जवस आपलंच. बाजारातल्या पुष्कळ भारतीय जेलमध्ये डायक्लोफेनॅकबरोबर ३ टक्के जवसाचं तेल असतं. त्यात अल्फा-लिनोलेनिक आम्ल भरपूर, कातडीला मऊपणा येतो. पण हेच आम्ल हवेशी लवकर बिघडतं आणि तेलाला रंगासारखा जुनाट वास येतो. घाण्यावरून ताजं, थंड पद्धतीनं काढलेलं तेल घ्या, पूर्ण भरलेल्या गडद डब्यात ठेवा, पेरॉक्साइड मूल्य (तेल किती बिघडलंय याचं माप) तपासून घ्या आणि ते बिघडू नये म्हणून बीएचटी किंवा ई-जीवनसत्त्व घाला.

मिरचीचं शास्त्र भक्कम आहे. कॅप्सेसिन वेदना-तंतूंवरच्या टीआरपीव्ही१ नावाच्या ग्राहकाला चेतवतं. आधी आग होते, आणि रोज लावत राहिलं तर ते तंतू हळूहळू बोथट होतात. हा ग्राहक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. मलमात प्रमाण असतं ०.०२५ टक्के, म्हणजे एक किलोत पाव ग्रॅम. इतक्या थोड्या मापात मिरचीची पूड किंवा तिचा घरगुती अर्क चालत नाही, कारण प्रत्येक पोत्याचा तिखटपणा वेगळा. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, तरी दोन शेतांतल्या मिरचीत फरक पडतोच. प्रयोगशाळेत मोजलेलं ओलिओरेझिनच (मिरचीचा घट्ट अर्क) वापरा. त्यात कॅप्सेसिनॉइड (कॅप्सेसिन आणि त्याचे भाऊबंद) १० टक्के असतील तर किलोला अडीच ग्रॅम. मिरची सातऱ्यावर (मिरची वाळवायच्या-निवडायच्या जागी) देठ खुडणाऱ्या बायांना विचारा, त्या सांगतील की हाताची आग नुसत्या पाण्यानं जात नाही, आधी तेल आणि मग साबण लागतो. कॅप्सेसिन जेलच्या पत्रकात हेच लिहायचं, आणि डोळ्याला हात लावू नका हेही.

निर्गुडी नाल्याकाठी आणि धुऱ्यावर फुकट मिळते, पाल्याचा शेक घरोघरी माहीत आहे. तिचा पाण्यातला काढा जेलमध्ये घातला की वनस्पतीतले क्षारही सोबत येतात आणि ते कार्बोमरचं (जेल घट्ट करणाऱ्या पुडीचं) जेल मोडतात. काढा वापरायचा असेल तर बेस बदला: एचपीएमसी के४एम २ ते ३ टक्के, किंवा सोडियम सीएमसी, या सेल्युलोजपासून केलेल्या घट्ट करणाऱ्या पुडी. निर्गुडीचं तेल किंवा अल्कोहोलमधला अर्क घेतला तर कार्बोमर चालू शकतो. पाला कोणत्या महिन्यात तोडला, सावलीत वाळवला की उन्हात, यानं अर्क बदलतो. प्रत्येक खेपेचा एचपीटीएलसी ठसा (अर्कातले घटक वेगळे करून दाखवणारी पट्टी) काढून जुन्या खेपेशी ताडून पाहणं सोडू नका.

वायगावची हळद उत्तम आहे, तिच्यात करक्युमिनचं प्रमाण चांगलं आहे, पण तिला स्वयंपाकातच मान आहे. जेलमध्ये ती आत फारशी जात नाही आणि लुगडं मात्र पिवळं करते. बाई दुसऱ्यांदा लावणार नाही.

आणि बिब्बा, अजिबात नको. टोंगळ्याला बिब्ब्याचा चटका द्यायची रीत अजून चालू आहे. बिब्बा उतला की कातडीवर फोड येतात, पाणी सुटतं, काळे डाग वर्षानुवर्षं राहतात. तो कितीही "शोधित" असला तरी लोकांच्या हातात द्यायच्या जेलमध्ये त्याला जागा नाही.

प्रयोगशाळेतला पहिला एक किलो

पुढचं सूत्र महाविद्यालयाच्या किंवा परवानाधारक युनिटच्या प्रयोगशाळेत सुरुवात करण्यासाठी आहे. ते घरी करायचं नाही आणि विकायचंही नाही. डायक्लोफेनॅक डायइथाइलअमिन १.१६ टक्के का, तर हे १.१६ ग्रॅम मीठ (खायचं नव्हे, औषधाचं क्षाररूप) १ ग्रॅम डायक्लोफेनॅक सोडियमच्या बरोबरीचं असतं. रेणूभार ३६९ भागिले ३१८, हा साधा हिशेब.

– डायक्लोफेनॅक डायइथाइलअमिन: ११.६ ग्रॅम
– कार्बोमर ९८०: १२ ग्रॅम
– प्रोपिलीन ग्लायकॉल: १०० ग्रॅम
– आयसोप्रोपिल अल्कोहोल: १५० ग्रॅम
– जवसाचं तेल: ३० ग्रॅम
– पॉलिसॉर्बेट ८० (तेल-पाणी एकजीव करायला): ३० ग्रॅम
– मेन्थॉल: २० ग्रॅम
– जंतू वाढू नयेत म्हणून मिथाइल पॅराबेन १.८ ग्रॅम, प्रोपिल पॅराबेन ०.२ ग्रॅम
– बीएचटी: अर्धा ग्रॅम
– ट्रायइथॅनॉलअमिन: पीएच ६.५ ते ७ येईपर्यंत
– शुद्ध पाणी: एकूण एक किलो भरेपर्यंत

जुन्या पुस्तकांत कार्बोमर ९४० सापडेल. तो बेंझिनमध्ये तयार होतो, ९८० ला बेंझिन लागत नाही आणि घट्टपणा जवळपास तोच येतो. बाजारातल्या जेलमध्ये १० टक्के असतं ते मिथाइल सॅलिसिलेट मी मुद्दाम वगळलं आहे. त्याच्या वासानं लोकांना "औषध" वाटतं हे खरं, पण शुद्ध मिथाइल सॅलिसिलेटच्या ५ मिलीत ॲस्पिरिनच्या वीस-एक गोळ्यांइतकं सॅलिसिलेट असतं. दहा टक्क्यांच्या ३० ग्रॅम ट्यूबमध्ये ते ३ ग्रॅम भरतं, आणि खेड्यात ट्यूब कोनाड्यात, लेकरांच्या हाताला लागेल अशीच असते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यालाही ते बाधतं.

प्रोपिलीन ग्लायकॉल औषधी दर्जाचंच घ्या आणि त्यात डायइथिलीन ग्लायकॉल व इथिलीन ग्लायकॉल ही विषं ०.१ टक्क्याच्या आत असल्याचा तपास स्वतः करा. पुरवठादाराच्या कागदावर थांबू नका. २०२५ मध्ये छिंदवाड्याची लेकरं डायइथिलीन ग्लायकॉलनं दूषित झालेल्या खोकल्याच्या औषधानं गेली, त्यातली कित्येक नागपूरच्या दवाखान्यांत दाखल होती. ते पोटात घ्यायचं औषध होतं, आपलं वरून लावायचं, तरी आपल्या कच्च्या मालाच्या कोठीत तसा डबा येताच कामा नये.

आता पाणी. कार्बोमरचे लांब रेणू एकमेकांना ढकलून पसरतात म्हणून जेल घट्ट होतं. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम असलं की हे ढकलणं थांबतं आणि जेल पाणचट होतं किंवा फाटतं. आपल्या विहिरी-बोअरचं पाणी जड. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर त्याबद्दल बोलायलाच नको. साध्या फिल्टरचं पाणी पुरत नाही, शुद्ध केलेलं, क्षार काढलेलं पाणीच लागतं. जेल बिघडलं की पोरं आधी कार्बोमर वाढवतात. आधी पाण्याची विद्युतवाहकता मोजा, क्षार जास्त असले की ती वाढते.

कृती अशी. अर्ध्याहून थोडं जास्त पाणी घेऊन ते मध्यम वेगानं ढवळत ठेवा आणि कार्बोमरची पूड बारीक चाळणीतून भोवऱ्यावर हळूहळू भुरभुरा. एकदम ओतली की बाहेरून ओल्या आणि आतून कोरड्या अशा गुठळ्या होतात, त्या मग दिवसभर ढवळल्या तरी फुटत नाहीत. झाकून रात्रभर भिजू द्या. सकाळी भांड्यात पातळ, धुरकट, आंबट द्रव दिसेल, पीएच ३ च्या आसपास. चमचा उचलला तर पाण्यासारखा ओघळतो. त्यात ट्रायइथॅनॉलअमिन थेंब थेंब सोडत सावकाश ढवळा. काही मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं, मग अचानक ढवळणी जड होते, धुरकटपणा जाऊन द्रव काचेसारखा स्वच्छ होतो आणि चमच्यावर थरथरत उभा राहतो. इथून पुढं वेग कमी ठेवा. हवा शिरली तर बुडबुडे आत अडकतात आणि ट्यूब भरताना वजन चुकतं.

दुसऱ्या भांड्यात प्रोपिलीन ग्लायकॉल आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पॅराबेन आणि डायक्लोफेनॅक विरघळवा. जवळपास गॅस किंवा शेगडी पेटलेली नको, ही वाफ पेट घेते. तिसऱ्यात जवसाचं तेल, बीएचटी, मेन्थॉल, पॉलिसॉर्बेट एकजीव करा. औषधाचं द्रावण पीएच जुळवून झालेल्या जेलमध्येच घाला. हा क्रम उलटा केला तर आंबट कार्बोमरमध्ये डायक्लोफेनॅक आम्लरूपात बसतं आणि पांढरे कण दिसतात. नंतर पीएच वाढवला तरी ते सगळे नीट विरघळत नाहीत, बोटावर खरखर लागते आणि प्रत्येक ग्रॅममध्ये औषध सारखं राहत नाही. औषध मीठरूपात असल्यामुळं ते घालताना जेल जरा सैल पडतं, त्याला घाबरू नका. शेवटी तेलाचं मिश्रण सोडा. जेल दुधाळ होईल. उरलेल्या पाण्यानं वजन पूर्ण करा, पीएच पुन्हा मोजा, आणि रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी घट्टपणा पाहा.

तपासण्या

पीएच, रंग, वास, दोन काचपट्ट्यांमधली पसरण, ब्रुकफील्ड यंत्रावरचा घट्टपणा, या रोजच्या तपासण्या आहेत, त्या विद्यार्थ्यांना येतात. औषधाचं प्रमाण ट्यूबच्या तोंडाकडून, मधून आणि शेवटाकडून वेगवेगळं घेऊन मोजा. तिन्ही आकडे जवळ आले तरच मिश्रण एकजीव झालं म्हणायचं. जंतूंची मर्यादा कातडीच्या औषधाला एका ग्रॅमला १०० जिवाणू आणि १० बुरशी-यीस्ट. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्यूडोमोनास मुळीच नकोत.

जेल औषध सोडतं की नाही हे फ्रान्झ सेलवर कळतं. वर जेल, मध्ये पडदा, खाली द्रावण, पडद्याचं तापमान ३२ अंश, म्हणजे कातडीच्या पृष्ठभागाइतकं. सहा तास ठरावीक वेळानं नमुने काढायचे आणि सुटलेलं औषध वेळेच्या वर्गमुळासमोर मांडायचं. सरळ रेष आली तर तिचा चढ हा तुमच्या जेलचा वेग. बाजारातलं एक नावाजलेलं जेल शेजारच्या सेलमध्ये लावा, तुलना त्याच्याशी करा. कृत्रिम पडद्यावर उत्तम आलेलं जेल खऱ्या कातडीवर मंद पडू शकतं, म्हणून पुढची पायरी डुकराच्या कानाच्या कातडीवर करतात. उंदराच्या पंजाची कॅराजिनाननं (समुद्री शेवाळातल्या पदार्थानं) मुद्दाम आणलेली सूज उतरते का, हा प्रयोग संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या मंजुरीनंतरच करायचा.

टिकाऊपणाच्या ठरलेल्या चाचणीत ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला सहा महिने, आणि ३० अंशांना दीर्घकाळ ठेवतात. पण चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि टिनाच्या पत्र्याखालच्या दुकानात किंवा बंद गाडीच्या डिक्कीत त्याहून जास्त. मेन्थॉल ४२ अंशांच्या आसपास वितळतं आणि उडून जातं. म्हणून कायद्यात नसली तरी ५० अंशांची दोन-तीन आठवड्यांची आणि गरम-थंड आलटून-पालटून करायची चाचणी आपण करावीच. उघडून पाहा: तेल वेगळं सुटलं का, वास बदलला का, ट्यूबच्या शिवणीतून ओघळ आला का. आतून लॅकर दिलेली ॲल्युमिनियमची किंवा लॅमिनेट ट्यूब घ्या. डबी नको. डबीत मातीचं बोट जातं आणि पावसाळ्यात बुरशी धरते.

माणसांवर पाहणं

मान्यताप्राप्त नैतिकता समितीची परवानगी आणि क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडियात आधी नोंदणी, याशिवाय गावात एकालाही "लावून बघा" म्हणून ट्यूब देऊ नका. नोंदणी २००९ पासून बंधनकारक आहे.

या टप्प्यात मला सगळ्यात मोलाचा वाटणारा आकडा कॉक्रेनच्या (औषधांचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या) पाहणीतला आहे. जुनाट दुखण्यात डायक्लोफेनॅक लावणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांचं दुखणं बरंच कमी झालं, आणि औषध नसलेलं जेल लावणाऱ्यांपैकी ५० टक्के लोकांचंही. चोळणं, थंडावा, कुणीतरी विचारपूस करणं, या सगळ्यांचा वाटा त्यात आहे. म्हणजे "दहा जणांना दिलं, सहा जणांना फरक पडला" यावरून काहीच सिद्ध होत नाही. निम्म्या लोकांना औषधाविना तोच बेस द्यावाच लागतो, आणि दोन्ही ट्यूबमध्ये मेन्थॉल सारखंच असावं, नाहीतर वासावरून लोक ओळखतात.

आपल्याकडं आणखी एक फसगत होते ती हंगामाची. कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत रुग्ण घेतले आणि आठ-दहा आठवड्यांनी, वेचणी उरकल्यावर पाहिलं, तर सगळ्यांचेच टोंगळे बरे झालेले दिसतात, कारण वाकणं थांबलेलं असतं. दोन्ही गट एकाच वेळी सुरू करा आणि रोज काय काम केलं याची नोंद ठेवा. दुखणं मोजायला १०० मिलिमीटरची रेघ वापरतात. न शिकलेल्या बाईला रेघेवर खूण करणं अवघड जातं, तिला चेहऱ्यांची चित्रं दाखवा आणि सोबत तिच्या रोजच्या कामातलं विचारा: उकिडवं बसता येतं का, एसटीची पायरी चढता येते का, डोक्यावर पाणी घेऊन चालता येतं का.

लेबल, जाहिरात आणि मात्रा

१९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यातल्या आजारांच्या यादीत संधिवात आहे. "संधिवात मुळापासून बरा" असं बॅनरवर लिहिलंत तर तो गुन्हा ठरतो. दुखण्यात तात्पुरता आराम, एवढंच म्हणायचं, आणि खरंही तेवढंच आहे.

मात्रेबद्दल लोक सर्वांत जास्त अंधारात असतात. १ टक्का डायक्लोफेनॅक जेलची अमेरिकेतली मंजूर मात्रा एका गुडघ्याला एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून चार वेळा, म्हणजे दिवसाला १६ ग्रॅम. ३० ग्रॅमची ट्यूब या हिशेबानं दोन दिवसांतच संपते. आपल्याकडची बाई हरभऱ्याएवढं लावते, ट्यूब महिनाभर पुरवते आणि म्हणते, काही गुण नाही. त्यामुळं छोट्या ट्यूबचा मोह सोडा, १०० ग्रॅमची करा आणि किंमत पॅकिंगमध्ये नव्हे, आत काय आहे यावर ठरवा. तुमच्या ट्यूबच्या तोंडातून निघालेली किती लांबीची रेघ ४ ग्रॅम भरते ते तराजूवर मोजा आणि तेवढी पट्टी खोक्यावर छापा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती पट्टी पुरते.

पत्रक मराठीत, मोठ्या अक्षरात हवं. फाटलेल्या कातडीवर लावू नका. लावल्यावर गरम विटेचा किंवा मिठाच्या पोटलीचा शेक घेऊ नका, वरून घट्ट पट्टी बांधू नका. वेदनाशामक गोळी सोबत घेऊ नका. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ॲस्पिरिननं दमा उठणाऱ्यानं वापरू नये. पहिल्यांदा हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस पाहा. आणि डायक्लोफेनॅक असेल तर बैलाच्या खांद्याला किंवा गाईच्या सांध्याला लावू नका. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली ती गिधाडांसाठी: हे औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं बंद पडतात. गडचिरोलीच्या जंगलात उरलेल्या गिधाडांसाठी वनविभागानं खाद्यस्थळं केली आहेत, आपल्या ट्यूबनं त्यावर पाणी फिरायला नको.

विक्री सुरू झाल्यावर प्रत्येक दुकानदाराकडं एक तक्रारवही ठेवा. बॅच क्रमांक, कुठं लावलं, किती दिवस, काय झालं, एवढे चार रकाने पुरतात. पुरळ, फोड, दमा, काळी शौच, यांतलं काही आलं की त्याच दिवशी त्या बॅचची विक्री थांबवा, राखून ठेवलेला नमुना तपासायला काढा आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या औषध-दुष्परिणाम नोंद केंद्राला कळवा. आशाताई आणि गावातल्या मेडिकलवाल्यांना वर्षातून दोनदा बोलावून वही एकत्र वाचा, एकदा वेचणी सुरू व्हायच्या आधी आणि एकदा उन्हाळा संपल्यावर.